आकाशातील बंदी आणि खिशातील यंत्र

आपापली इलेक्ट्रॉनिक उपकरणे बंद करावीत अथवा ‘फ्लाइट मोड’वर ठेवावीत, ही विमानातील सूचना आता रेल्वेच्या फलाटावरील उद्घोषणेइतकीच परिचयाची, आणि म्हणूनच तितकीच दुर्लक्षित, झाली आहे. ती पाळणाऱ्याला ती का पाळावयाची हे ठाऊक नसते; न पाळणाऱ्याला न पाळल्याने काय घडले हे कधी कळत नाही; आणि सूचना देणाऱ्या परिचारिकेला ती कोणी पाळली, कोणी नाही, हे पडताळण्याचे कोणतेही साधन नसते. कारण अज्ञात, परिणाम अदृश्य आणि अंमलबजावणी जवळजवळ अशक्य, असा नियम साठ वर्षांहून अधिक काळ या ना त्या स्वरूपात टिकून राहावा, ही गोष्ट तंत्रज्ञांना किरकोळ वाटली तरी अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तीवरून सहजासहजी पुढे जाता येत नाही.

या नियमाच्या मुळाशी असलेला प्रश्न विमानापुरता मर्यादित नाही, हे त्याचे कारण. घडण्याचा संभव अत्यंत अल्प, पण घडलेच तर शे-दोनशे माणसांचे प्राण जाणार, अशा धोक्यासाठी किती लोकांची किती गैरसोय करणे न्याय्य ठरते? आणि धोका आहे की नाही हेच निश्चित नसेल, तर सिद्ध करण्याचा भार कोणी उचलावयाचा? आहे म्हणणाऱ्याने, की नाही म्हणणाऱ्याने? औषधे, कीटकनाशके, अणुवीज, मिठाईतले रंग अशा कित्येक बाबतींत समाजापुढे हाच पेच उभा राहतो. विमानातील खिशातल्या यंत्राची कथा त्या मानाने लहान आहे. पण तिला आरंभ आहे, मध्य आहे आणि बऱ्याच अंशी शेवटही आहे. त्यामुळे ती तपासून पाहणे सोपे जाते.

ऐकणारे यंत्र बोलतेही

या बंदीचा जन्म भ्रमणध्वनीमुळे झाला असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ती आली ट्रॅन्झिस्टर रेडिओमुळे. १९५०चे दशक संपता संपता हातात मावणारे रेडिओ अमेरिकेत सर्रास मिळू लागले आणि प्रवासी ते विमानात आणू लागले. रेडिओ तर नुसता ऐकतो, तो कोणाला कसला अडथळा करणार, असे सामान्य माणसाला वाटणे स्वाभाविक होते. पण रेडिओच्या पोटात एक लहानसा आंदोलक असतो. एफएमचे जे केंद्र लावावयाचे त्याच्या कंप्रतेपेक्षा साधारणतः १०.७ मेगाहर्ट्झने अधिक कंप्रतेची लहर हा आंदोलक निर्माण करतो, आणि या दोन लहरींच्या मिश्रणातून आपल्याला हवा तो कार्यक्रम वेगळा काढला जातो. ही आतली लहर सगळीच्या सगळी आत राहत नाही. थोडीशी बाहेर झिरपते.

आता आकडे पाहू. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. त्याला अगदी लागून, १०८ ते ११८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान, विमानांना दिशा दाखवणाऱ्या ‘व्हीओआर’ केंद्रांचा पट्टा. आणि त्यातील ११२पर्यंतच्या भागातच, ढगांतून उतरणाऱ्या वैमानिकाला धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारी ‘आयएलएस’ ही यंत्रणा. पुण्याचे विविध भारती केंद्र १०१ मेगाहर्ट्झवर लागते. ते लावलेल्या रेडिओतील आंदोलक १११.७ मेगाहर्ट्झवर कंप पावणार, म्हणजे नेमका वैमानिक ज्या पट्ट्यात धावपट्टी शोधतो त्या पट्ट्यात. निरागसपणे गाणी ऐकणारा प्रवासी नकळत वैमानिकाच्या कानाशी कुजबुजत असतो, असे म्हणावयास हरकत नाही.

अर्थात ही कुजबुज अतिशय क्षीण असते. परंतु दूरच्या केंद्राकडून येणारा संकेतही विमानापर्यंत पोहोचेतो क्षीणच झालेला असतो, कारण अंतर दुप्पट झाले की लहरीची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. दूर डोंगरावरील मिणमिणता दिवा न्याहाळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे कोणी आगकाडी ओढावी, तसा हा प्रकार. काडीचा उजेड तो केवढा! पण ती डोळ्यांजवळ असते. विमानाचे ॲल्युमिनियमचे कवच या लहरींना बऱ्याच अंशी अडवते; मात्र खिडक्यांना हे कवच नसते, आणि विमानाचे अँटेना कवचाच्या बाहेरच्या अंगाला असतात. खिडकीतून निसटलेली लहर तेथवर जाऊ शकते. जाईलच असे नाही. कंप्रता जुळली पाहिजे, आसन नेमक्या जागी हवे, यंत्र जरा सदोष हवे, जमिनीवरील केंद्र दूर हवे. पत्रिकेतले छत्तीसच्या छत्तीस गुण जुळण्याइतका हा योग विरळा. पण विरळा म्हणजे अशक्य नव्हे, आणि विमाने तर जगात रोज हजारोंनी उडतात.

अमेरिकेतील ‘आरटीसीए’ या तांत्रिक सल्लागार संस्थेने या विषयाचा अभ्यास करून १९६३ साली अहवाल दिला. त्याच सुमारास तेथील हवाई प्रशासनाने, म्हणजे ‘एफएए’ने, नियम केला आणि पुढे अनेक देशांनी थोड्याफार फरकाने तोच साचा वापरला. हा साचा मोठा बोलका आहे. श्रवणयंत्र, हृदयाचा पेसमेकर, ध्वनिमुद्रणाचे लहान यंत्र आणि दाढीचे विजेवर चालणारे यंत्र एवढ्यांना मोकळीक. बाकी सारे निषिद्ध. अपवाद फक्त ज्या उपकरणामुळे विमानाच्या यंत्रणेस बाध येत नाही अशी विमानकंपनीने स्वतः खात्री करून घेतली असेल त्याचा. दाढीच्या यंत्राला कायद्याचे संरक्षण लाभावे हे वाचून हसू येते; पण महत्त्वाचा आहे तो शेवटचा अपवाद. सरकारने कुलूप घातले आणि किल्ली विमानकंपनीच्या हाती दिली. कंपनीने ती का फिरवावी? उपकरणे तपासावयाची तर खर्च कंपनीचा, सोय प्रवाशाची, आणि पुढे काही विपरीत घडले तर उत्तरदायित्व पुन्हा कंपनीचे. सरसकट बंदी चालू ठेवण्यास मात्र कंपनीला दमडीचाही खर्च नाही. तो प्रवासी आपल्या कंटाळ्याच्या रूपाने भरणार. ज्याने निर्णय घ्यावयाचा त्याच्या पदरी निर्णयाची किंमत पडत नसेल, तर निर्णय कोणत्या बाजूला झुकेल हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

कावळा आणि फांदी

पुढे मांडीवरचे संगणक आले, मुलांची खेळयंत्रे आली, तबकड्या वाजवणारी यंत्रे आली. १९८८ व १९९६ साली आरटीसीएचे आणखी दोन अहवाल आले. विमान दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर उपकरणे चालू करावीत आणि उतरताना तेवढ्या उंचीवर आल्यावर बंद करावीत, अशी रूढी पडली. या सर्व काळात वैमानिकांकडून तक्रारी येतच होत्या. त्यांचे स्वरूप बहुधा ठरलेले असे: दिशादर्शक काटा हलू लागला, परिचारिकेस प्रवाशांमध्ये चौकशी करावयास सांगितले, अमुक आसनावरील प्रवाशाने संगणक बंद केला, काटा स्थिर झाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसे हे असू शकते. पण प्रत्येक तुटलेल्या फांदीवर कावळा दिसू लागला तर त्याला निव्वळ योगायोग म्हणून सोडून देणेही शहाणपणाचे नव्हे.

या कोड्याचे उत्तम उदाहरण १९९५ सालचे आहे. एका प्रवाशाच्या संगणकामुळे स्वयंचलित उड्डाणयंत्रणा पुनःपुन्हा सुटते, अशी तक्रार आली. बोइंग कंपनीने तो संगणकच त्या प्रवाशाकडून विकत घेतला आणि प्रयोगशाळेत तपासला. त्यातून बाहेर पडणाऱ्या लहरी कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा काही कंप्रतांवर खरोखरच अधिक आढळल्या. मग तोच संगणक घेऊन कंपनीच्या तंत्रज्ञांनी दोन उड्डाणे केली. काहीही झाले नाही. संशयित हाती आहे, त्याच्याजवळ शस्त्रही सापडले आहे, पण गुन्हा पुन्हा करून दाखवावयास तो तयार नाही! अशा वेळी न्यायाधीश आरोपीला सोडून देईल. विमानाचा अभियंता मात्र त्याला सोडावयास कचरतो, आणि त्याचे कचरणे समजण्यासारखे आहे.

आंतरराष्ट्रीय विमानकंपन्यांच्या संघटनेचा, म्हणजे ‘आयएटीए’चा, एक अंतर्गत अहवाल २०११ साली वृत्तमाध्यमांतून उघड झाला. २००३ ते २००९ या सात वर्षांत सव्वाशे विमानकंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी उपकरणांमुळे व्यत्यय आल्याचा संशय व्यक्त केलेल्या घटना त्यात नोंदल्या होत्या. त्यांची संख्या होती ७५. म्हणजे सात वर्षांत कंपनीमागे एकही पूर्ण घटना नाही. संख्या नगण्य खरी. परंतु नोंद झालेल्या घटना म्हणजे घडलेल्या सर्व घटना नव्हेत, हे आपल्याकडील कोणत्याही सरकारी आकडेवारीशी परिचय असलेल्या वाचकाला निराळे सांगावयास नको.

एकच अपघात असा आहे, की ज्याच्या अधिकृत चौकशीत भ्रमणध्वनीचे नाव गांभीर्याने घेतले गेले. ६ जून २००३ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च विमानतळाकडे संध्याकाळी धुक्यातून उतरणारे एक लहान दोन इंजिनांचे विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आदळले. वैमानिकासह आठ जण मरण पावले, दोघे वाचले. चौकशीत आढळले की उड्डाणाच्या अखेरच्या काही मिनिटांत खुद्द वैमानिकाचा भ्रमणध्वनी जोडलेल्या अवस्थेत होता. उतरण्याचा कोन दाखवणाऱ्या यंत्राने त्यामुळे चुकीचे दर्शन घडवले असण्याचा संभव चौकशी अहवालाने बोलून दाखवला. शब्द ‘संभव’ हाच होता. विमान ठरावीक उंचीच्या खाली येऊ दिले गेले, आणि यंत्राने काहीही दाखवले तरी उंचीमापक वाचणे वैमानिकाच्या हाती होते, हे मुख्य कारण त्याच अहवालात आहे. उपकरणविरोधक या अपघाताचा दाखला देतात तेव्हा हे दुसरे वाक्य सोयीस्करपणे गाळतात; आणि समर्थक संपूर्ण अपघातच गाळतात.

या वादात मला सर्वांत उद्बोधक वाटलेला अभ्यास मात्र अपघातांचा नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली हातातील सामानात लहरी मोजणारे यंत्र ठेवून ३७ उड्डाणांतून प्रवास केला. सक्त बंदी असतानाही दर उड्डाणात सरासरी एक ते चार भ्रमणध्वनी संभाषणे होतात, असे त्यांना आढळले. म्हणजे ज्या प्रयोगाला कोणतेही शासन कधी परवानगी देणार नाही, तो प्रवाशांनी आपल्या बेशिस्तीतून वर्षानुवर्षे आपोआप चालवला होता. यावरून दोन अगदी उलट निष्कर्ष निघतात. एक असा, की इतकी संभाषणे होऊनही विमाने पडत नाहीत, तस्मात् धोका नाही. दुसरा, जो त्या संशोधकांनी स्वतः काढला, तो असा की नियम मोडला जातो हे ठाऊक असूनही कोणी मोजमाप करीत नाही, ही गंभीर बाब आहे. तोच आकडा; वकीलपत्र मात्र दोन्ही पक्षांचे.

दोन बंद्या, एक सूचना

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट आहे. भ्रमणध्वनीवर विमानात जी बंदी आली, तिचे एक कारण विमानाशी मुळीच संबंधित नव्हते. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, ‘एफसीसी’ने, १९९१ साली उडत्या विमानातून भ्रमणध्वनी वापरण्यास मनाई केली ती जमिनीवरील दूरध्वनीजाळ्याच्या रक्षणासाठी.

भ्रमणध्वनीची सारी व्यवस्था एका काटकसरीवर उभी आहे. कंप्रता मोजक्या, ग्राहक कोट्यवधी; म्हणून शहराचे लहान लहान भाग पाडून त्याच त्या कंप्रता थोड्या अंतरावर पुनःपुन्हा वापरतात. शाळेत एकाच वेळी दहा वर्ग चालतात ते मध्ये भिंती आहेत म्हणून. छप्पर काढून टाकून कोणी वरून ओरडू लागला, तर त्याचा आवाज दहाही वर्गांत जाईल. दहा किलोमीटर उंचीवरील विमानाचे क्षितिज सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असते. पुण्यावर असलेल्या विमानाला मुंबई, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर हा सारा टापू एकाच दृष्टिक्षेपात येतो, आणि त्यातील असंख्य मनोऱ्यांना त्यातील भ्रमणध्वनी दिसतो. शिवाय मनोरा दूर असेल तेव्हा भ्रमणध्वनी आपला आवाज चढवतो, म्हणजे अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो. विमानात तो सदैव चढ्याच आवाजात बोलतो.

विमानाच्या रक्षणासाठी एक बंदी, जाळ्याच्या रक्षणासाठी दुसरी; आणि प्रवाशाच्या कानावर पडली ती या दोहोंची मिळून एकच कारणरहित सूचना. प्रवाशाला वाटले, आपला दूरध्वनी वाजला तर विमान पडते. विमान पडले नाही. मग त्याला वाटले, हे सारे थोतांडच आहे. खरे कारण सांगितले असते तर त्याला ते कळले नसते, असे मानणे हा प्रवाशावर अन्याय होय.

एफसीसीने २०१३ साली ही बंदी उठवण्याचा प्रस्ताव मांडला आणि २०२० साली तो मागे घेतला. त्याला झालेला विरोध लहरींच्या धास्तीपेक्षा शेजाऱ्याच्या बडबडीच्या धास्तीने अधिक होता. तांत्रिक उपाय तोवर सापडला होता, आणि तो गमतीदार आहे: विमानातच एक छोटा मनोरा बसवावयाचा. मनोरा हाताशी आला की भ्रमणध्वनी आवाज खाली आणतो. एमिरेट्स कंपनीने मार्च २००८मध्ये अशी सोय सुरू केली. ज्या यंत्राला गप्प बसवता येत नव्हते त्याला हळू बोलावयास शिकवले गेले.

पिगू, कोझ आणि खिडकीकडचे आसन

एकाच्या कृतीची झळ व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याला लागते, या प्रकाराचे पद्धतशीर विवेचन आर्थर पिगू यांनी १९२०च्या आपल्या ग्रंथात केले. त्यांचे उत्तर सरळ होते. झळ देणाऱ्यावर कर लावा वा त्याला आवरा. कारखान्याच्या धुराचे उदाहरण आमचे विद्यार्थी पाठ करतात ते याच परंपरेतले. रोनाल्ड कोझ यांनी या मांडणीला धक्का दिला. आणि हा विचार त्यांनी प्रथम मांडला तो धुराच्या नव्हे, तर रेडिओ लहरींच्या संदर्भात, १९५९ साली याच एफसीसीवर लिहिलेल्या निबंधात. पुढच्याच वर्षी त्याचा विस्तार झाला, आणि १९९१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कोझ म्हणतात, व्यत्यय हा नेहमी दुहेरी असतो. अ मुळे ब ला त्रास होतो हे खरे. पण ब ला त्रास होऊ नये म्हणून अ ला थांबवले, तर अ ला त्रास होतो. प्रश्न दोषी कोण हा नसून, दोहोंपैकी कोणता त्रास टाळणे समाजाला स्वस्त पडेल, हा आहे. या चष्म्यातून विमानाकडे पाहिले की बरेच धुके निवळते. १९६१ सालच्या विमानात रेडिओ बाळगणारे प्रवासी चार-दोन. त्यांना रेडिओ बंद करावयास सांगणे अत्यंत स्वस्त होते आणि सर्व विमानांची ग्राहकयंत्रे सुधारणे अत्यंत महाग. तेव्हाची बंदी योग्यच होती. तीवर आज हसणारे आजच्या विमानात बसून हसतात.

पन्नास वर्षांत हे त्रैराशिक उलटले. प्रत्येक प्रवाशाजवळ एक-दोन यंत्रे आली. शंभर जणांना आवरणे महाग, आणि त्यांतील शेवटच्या दहांना आवरणे तर अशक्यच. २०१३ साली अमेरिकेतील एका पाहणीत तीस टक्के प्रवाशांनी आपण कधी ना कधी उपकरण चुकून चालू ठेवल्याचे मान्य केले. जाणूनबुजून ठेवणाऱ्यांना असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. दुसरीकडे, विमाने निराळ्याच कारणांनी दणकट होत गेली. त्यांना वीज झेलावी लागते; जमिनीवरील रडार व प्रक्षेपणकेंद्रांच्या प्रचंड शक्तिशाली लहरींतून जावे लागते. त्यांपासून रक्षणाचे निश्चित निकष २००७ साली अमेरिकेत नियमबद्ध झाले. ज्या वर्षी हे निकष आले त्याच वर्षी प्रवाशांची उपकरणे सहन करणारे विमान कसे घडवावे, याचेही मार्गदर्शक तत्त्व आरटीसीएने प्रसिद्ध केले. टाळण्याचा स्वस्त मार्ग आता प्रवाशाच्या बोटात नव्हता. तो कारखान्यातल्या तारांच्या आवरणात होता.

येथे एक विषयांतर वाचक क्षम्य मानतील. विमानात बिनतारी लहरी कशा पसरतात हे तपासण्यासाठी माणसे तासन्‌तास निश्चल बसवून ठेवणे अवघड. तेव्हा बोइंगच्या अभियंत्यांनी एका निवृत्त विमानातील आसनांवर बटाट्याची पोती बसवली. लहरींच्या दृष्टीने बटाटा आणि मनुष्यदेह यांत फारसा भेद नसतो. २०१२च्या डिसेंबरमध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली. सूचना तंतोतंत पाळणारे प्रवासी विमानवाहतुकीच्या इतिहासात बहुधा तेवढेच.

बंदीचा नैतिक पाया मात्र त्याआधी एक वर्षच ढासळला होता. डिसेंबर २०११मध्ये एफएएने अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांना नकाशे व पुस्तिकांच्या जडशीळ पेट्यांऐवजी टॅब्लेट संगणक वापरण्यास अनुमती दिली. विमानाच्या नाकात, यंत्रांपासून हातभर अंतरावर, वैमानिकाने चालू ठेवलेला संगणक सुरक्षित. आणि तिसाव्या रांगेतील वृद्धेच्या हातातील वाचनयंत्र धोकादायक! वैमानिकांची यंत्रे तपासलेली होती व त्यांची संख्या दोन होती, हा खुलासा तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे. लोकांना तो पटला नाही. एफएएने नेमलेल्या समितीने २०१३ साली अहवाल दिला आणि ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी प्रशासनाने जाहीर केले की, ज्या कंपन्या आपली विमाने सक्षम असल्याचे दाखवतील त्यांच्या प्रवाशांना प्रक्षेपण बंद ठेवून सर्व टप्प्यांत उपकरणे वापरता येतील. दृश्यमानता फारच कमी असेल तेव्हा, म्हणजे सुमारे एक टक्का उड्डाणांत, उपकरणे बंद करावयास सांगितले जाऊ शकते, ही पुस्ती जोडली गेली. धोका मुळीच नव्हता असे या निर्णयाने म्हटले नाही. धोका कोठे आहे ते नेमके सांगितले, आणि उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांना मोकळे केले.

युरोपने डिसेंबर २०१३मध्ये तीच वाट धरली. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०१४मध्ये ‘फ्लाइट मोड’वरील उपकरणांना सर्व टप्प्यांत मुभा दिली. २०१८च्या अखेरीस विमानातील दळणवळणाचे नियम आले आणि भारतीय हद्दीत ३,००० मीटरच्या वर ही सेवा देण्याची तरतूद झाली. मार्च २०२०मध्ये वैमानिकाच्या अनुमतीने वाय-फाय वापरण्यासाठी नियमांत दुरुस्ती झाली. प्रस्थापित नियम बदलावयास आपण अमेरिकेची वाट पाहिली, याबद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही. तपासणीचा खर्च त्यांनी केला होता.

लहरींचा प्रश्न एवढ्याने मिटला म्हणावे, तर तो दुसऱ्याच दाराने परत आला. विमान जमिनीपासून किती फूट वर आहे हे सांगणारा रेडिओ उंचीमापक ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो. अमेरिकेने त्याच्या शेजारचा, ३.७ गिगाहर्ट्झपासूनचा पट्टा लिलावात काढला आणि ८१ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मिळवली. विमानांतील कित्येक उंचीमापक शेजारच्या पट्ट्यातला गोंगाट गाळण्यास समर्थ नाहीत, याची चर्चा खरी पेटली ती सेवा सुरू होण्याच्या तोंडावर. जानेवारी २०२२मध्ये एअर इंडियासह अनेक कंपन्यांनी अमेरिकेची काही उड्डाणे रद्द केली. मालक म्हणतो मी माझ्या जागेत बोलतो; शेजारी म्हणतो माझी भिंत पातळ आहे. भिंत कोणी जाड करावयाची? कोझ यांचा प्रश्न जसाच्या तसा. अखेरीस दूरध्वनी कंपन्यांनी विमानतळांजवळ काही काळ आवाज खाली ठेवला आणि विमानकंपन्यांनी २०२३च्या मध्यापर्यंत भिंती जाड केल्या.

आपल्याकडील ५-जी सेवेचा पट्टा उंचीमापकापासून अधिक दूर, ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झमध्ये, आहे. तरीही नोव्हेंबर २०२२मध्ये दूरसंचार विभागाने धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटर एवढ्या क्षेत्रात या पट्ट्यातील मनोरे उभारू नयेत, असे कंपन्यांना कळवले. पुणे व नागपूर या विमानतळांच्या परिसरालाही ते लागू झाले. पुण्याचा विमानतळ भरवस्तीत आहे. तेथे घरबसल्या संथ इंटरनेट सहन करणाऱ्या विद्यार्थ्याने विमानात कधी पाऊलही ठेवले नसेल. तरी प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या खर्चातील एक बारीकसा हिस्सा तो भरतो. त्याला कोणी विचारले नाही, आणि बहुधा सांगितलेही नाही.

दरम्यान खिशातील यंत्राने धोका दिला तो भलत्याच बाजूने. २०१६ साली एका नामांकित कंपनीच्या भ्रमणध्वनीच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्याने तो विमानात नेण्यासच अमेरिकेत बंदी घालावी लागली. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसान येथे उड्डाणाच्या तयारीत असलेले एक एअरबस विमान आतून पेटले आणि त्याचे छप्पर जळून गेले. जीवितहानी झाली नाही. संशय पॉवर बँकेवर आहे. ‘फ्लाइट मोड’ने लहरी थांबतात, लिथियम थंड होत नाही. आसनाच्या फटीत पडलेला भ्रमणध्वनी काढण्यासाठी आसन मागे-पुढे करू नये, परिचारिकेस बोलवावे, ही सूचना काही कंपन्या देतात. ती चिरडलेल्या बॅटरीच्या अनुभवातून आली आहे. बंदीच्या सवयीने निर्ढावलेला कान तीही ऐकेनासा झाला आहे.

व्यवहारात एक काम राहते. विमान सक्षम आहे की नाही हे कंपनीने ठरवावयाचे, हे सूत्र १९६०च्या दशकापासून आजतागायत कायम आहे. आपल्या देशात मोठ्या जेट विमानांबरोबर प्रादेशिक मार्गांवर लहान विमानेही उडतात. क्राइस्टचर्चचे विमान लहानच होते. कोणत्या जातीचे विमान कोणत्या उपकरणांसाठी तपासले, दाट धुक्यात उतरताना त्यातील प्रवाशांनी उपकरणे बंद ठेवणे आवश्यक आहे किंवा नाही, ही माहिती कंपनीच्या दप्तरात असते. ती प्रत्येक आसनासमोरील सुरक्षापत्रकावर दोन ओळींत छापता येईल. महासंचालनालयाने तसा आदेश काढण्यास कायद्यात बदल करावा लागणार नाही, आणि कंपन्यांना पडणारा खर्च म्हणजे पुढच्या छपाईच्या वेळी थोडी जास्तीची शाई.